वेगळ्या खिळ्यावरचा टॉवेल

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट मी शांतपणे सांगणार नाही. ज्यांना शांतपणे ऐकायची असेल त्यांनी माझ्या दादाकडे जावं. तो म्हणेल, "विशेष काही नाही हो, हिच्या अंगावर जरासं उठलं होतं." जरासं म्हणे! त्याच्या अंगावर एक घामोळं उठलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस तो.

अंगावर उठलं होतं ते माझ्या वहिनीच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या. ती रफू करते. मी त्याच दुकानात इस्त्री करते. कपडे धुऊन, डाग काढून, इस्त्री करून देणारं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पुढे काउंटर, काउंटरच्या डाव्या हाताला रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी, आणि खिडकीशी वहिनीची खुर्ची. मधे माझं वाफेच्या इस्त्रीचं टेबल. मागे एक कोंदट खोली, तिथे डाग काढायच्या औषधांचे कॅन ठेवलेले असतात आणि त्यांचा वास डोळ्यांत जातो.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधी लक्षात घ्या. लोक खुशाल म्हणतात, "जरा टाका मारून द्या." कपड्याला भोक पडलं की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, आणि ते उभे-आडवे विणत भोक असं बुजवायचं की कपड्याच्या मालकालाही ते सापडू नये. त्याला नजर लागते, दिवसाचा उजेड लागतो, आणि बोटं लागतात. वहिनी बोटांच्या टोकांनी चाचपून सांगते की कुठला धागा ताणलाय आणि कुठला सैल आहे. ती खिडकीशी बसली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतात. ती खुर्ची तिनं मागून मिळवलेली नाही, कामानं मिळवलेली आहे. ती खुर्ची गेली तर तिचं काय उरतं ते मला माहीत आहे, कारण बाकी सगळीकडे ती कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी आई असते.

आणि राग? राग वहिनीच्या वाट्याला आलाच नाही. देवानं आमच्या घरातला सगळा राग माझ्याकडे दिला असावा. ती आमच्या घरात आल्यापासून बघतेय, भाजी करपली तर ती स्वतःच्या पानात करपलेली घेते आणि वर म्हणते, "मला अशीच आवडते." कुणाला आवडते हो करपलेली भाजी?

पन्नाशी आली आणि तिची पाळी थांबली. माझी त्याच्या थोडं आधी थांबली होती, निमूट गेली, मागे वळून बघितलं नाही. वहिनीची मात्र घर सोडताना सामानाची आदळआपट करत गेली. आधी गरम वाफा. बसल्या जागी मानेपासून लाली चढायची, कपाळावर घाम फुटायचा. मी म्हणायचे, "वहिनी, दुकानात आता दोन बॉयलर झाले, एक माझ्या टेबलाशी आणि एक तुम्ही." ती हसायची. मग त्वचा कोरडी पडायला लागली. नडग्यांवरून पापुद्रे निघायला लागले. हनुवटीवर मुरूम आले, ऐन पन्नाशीत! आणि त्या मुरमांच्या मधून दोन राठ केस. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "वन्सं, सोळा वर्षांची पोरगी आणि म्हातारा बाबा, दोघंही एकाच चेहऱ्यावर राहायला आलेत."

तोवर हसण्यावारी नेता आलं. पुढे खाज सुटली आणि हसू संपलं. हातांवर, पोटावर, खांद्यांमागे. "अंगावरून मुंग्या चालल्यासारखं होतं," ती म्हणायची, "बघावं तर मुंगी नाही, काही नाही." खाजवून खाजवून कोपरापर्यंत हात लाल झाले, ओरखडे उठले. आणि बोटांची टोकं उलायला लागली. दुसऱ्या बाईची बोटं उलली तर भांडी घासताना चरचरतं, एवढंच. रफूवालीची बोटं उलली की रेशीम त्यांत अडकतं. बोट फिरवलं की धागा ओढला जायचा. त्यावर मलम लावावं, तर कामाच्या वेळी हाताला तेलकट काही लावायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, रेशमावर डाग पडतो. त्यामुळे ती दिवसातून दहादा साबणानं हात धुवायची आणि बोटं अजून फाटायची.

सल्ले देणाऱ्यांना काय तोटा! रक्त अशुद्ध झालंय म्हणून सांगणारे झाले, कुणाची तरी नजर लागलीय म्हणणारे झाले, मन कशात तरी गुंतवा म्हणणारे झाले. मन गुंतवा! ती बाई दिवसभर केसाएवढ्या धाग्यात मन गुंतवून बसते, अजून कुठे गुंतवायचं? कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं एक ट्यूब दिली. लावली की दोन दिवस बरं, मग दुप्पट आग. आणि आमचे दादासाहेब! दादा पाणीखात्यात आहे, घरोघरी जाऊन मीटर वाचतो. दिवसभर लोकांची फाटकं आणि झाकणं उघडून त्याला जंतूंची धास्ती बसलीय. त्यानं जंतुनाशकाची बाटली आणली आणि वहिनीला फर्मावलं, कढत पाण्यात हे टाकून आंघोळ करायची. तिनं केली. कातडी अशी तडकली की ती आंघोळीनंतर पलंगाच्या कडेवर बसून रडत होती. बाटली अजून अर्धी होती तर हा म्हणतो, "संपेपर्यंत कर, गुण येईल."

मग एक दिवस मी त्यांच्याकडे गेले तर न्हाणीघराच्या दारामागे एक नवा खिळा. दांडीवर घरातले सगळे टॉवेल, आणि त्या खिळ्यावर एकटाच वहिनीचा.

"हे काय?" मी विचारलं.

"यांनी ठोकलाय," वहिनी म्हणाली. "म्हणाले, सावधगिरी बरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच तिला सांगितलं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं, आणि नाही म्हणालात तर खांद्यावर टाकून नेईन. दुसऱ्या दिवशी गेलो. त्वचेची डॉक्टर, बाईच होती, आवाज खणखणीत. वहिनी तिच्या कानाशी कुजबुजायला लागली, तर डॉक्टरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पाळी कधी थांबली?" वहिनीनं दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, नडग्या बघितल्या, ट्यूब बघितली आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "हा संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. पाळी थांबली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं. त्वचेतला ओलावा आणि लवचिकपणा त्याच्या जिवावर असतो. त्वचा पातळ होते, कोरडी होते, खाजते. पुष्कळ बायकांना होतं, सांगत कुणी नाही." कढत पाणी बंद, जंतुनाशक तर ताबडतोब बंद. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतानाच घट्ट मलम. झोपताना बोटांना मलम चोपडून वर सुती हातमोजे. कामावर औषधांच्या वासापासून लांब राहायचं. "आणि धीर धरा," त्या म्हणाल्या, "चार दिवसांत जाणारं हे नाही." त्याप्रमाणे केलं, आणि हळूहळू फरक पडतोय. अजून पूर्ण बरं नाही, खोटं कशाला सांगू.

मला वाटलं, चला, विषय मिटला. कसला मिटतोय! वहिनीनं घरी जाऊन दादाला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "डॉक्टर काय, काहीही सांगतात." खिळा जागच्या जागी. आणि वहिनीनं मलाच शपथ घातली, "वन्सं, दुकानात यातलं एक अक्षर काढायचं नाही. मालकांसमोर पाळीबिळीचं बोलायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं." मी कबूल झाले. माझ्यासारखीच्या तोंडाला कुलूप घालणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत.

आणि मग एका सकाळी मालक खिडकीशी येऊन उभे राहिले. आमचे मालक तसे वाईट नाहीत, पण समोर गिऱ्हाईक दिसलं की त्यांचा कणा गळून पडतो. हात चोळत म्हणाले, "बाई, तुम्ही आता मागच्या खोलीत बसत जा. तिथे शांतता आहे."

शांतता! जिथे बसून माणसाला दिवसाउजेडी काळा आणि निळा दोरा ओळखता येत नाही तिथली शांतता!

"रफू ट्यूबलाइटखाली करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही तुमची इस्त्री बघा," मालक म्हणाले.

मी वहिनीकडे बघितलं. म्हटलं आता तरी बोलेल. तिनं सुयांचा डबा उचलला, खुर्ची उचलली आणि गेली मागे. करपलेली भाजी पानात वाढून घेतली. का हलवलं ते मालकांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही, आणि मी शपथेपायी दात-ओठ खात लोकांच्या पॅंटींवर इस्त्री फिरवत राहिले. इतकी दाबून, की चार पॅंटींच्या घड्या सुरीसारख्या झाल्या.

मागच्या खोलीत तिचे हाल झाले. कॅनमधल्या औषधांची वाफ तिथे सतत भरलेली. डॉक्टरीणबाईंनी ज्याच्यापासून लांब राहा म्हटलं होतं, नेमकी त्याच्याच मांडीला मांडी लावून तिला बसवली. हातमोज्यांनी भरत आलेल्या चिरा पुन्हा उघडल्या.

तेवढ्यात लग्नाचा झगा आला. मोतिया रंगाचं रेशीम, नवरीनं घालून बघताना दाराच्या कडीत अडकून छातीशीच फाटलेला. नवरीच्या आईनं तो काउंटरवर असा ठेवला, जणू आजारी माणूस आणून निजवलाय. मालक म्हणाले, "काळजी करू नका मॅडम, आमची बाई आहे." म्हणजे कामाच्या वेळी आमची बाई, आणि दाखवायच्या वेळी मागची खोली.

वहिनीनं झगा मागे नेला. निम्मं काम झाल्यावर तिला धाग्याचा रंग पटेना. ट्यूबलाइटखाली मोतिया आणि पिवळट यांत फरक कळत नाही. म्हणून ती झगा घेऊन खिडकीशी आली, तिच्या जुन्या जागी, उभ्यानंच. धागा लावून बघितला आणि बोटाची चीर उघडली. रक्ताचा एक थेंब रेशमावर पडला.

आमच्या धंद्यात नवीन मुलीला सुई हातात देण्याआधी हे शिकवतात: आपल्याच बोटाचं रक्त कापडाला लागलं तर साबणाकडे धावायचं नाही. पांढरा दोरा तोंडात घोळवायचा आणि तो ओला दोरा डागावर टेकवत राहायचं, रक्त उतरतं. वहिनीनं तेच केलं. दोरा तोंडात घातला, काढला, डागावर टेकवला. पुन्हा तोंडात, पुन्हा डागावर. आणि नेमकी त्याच वेळी नवरीची आई दारातून आत आली.

"थुंकताय?" तिचा आवाज पार वर गेला. "माझ्या मुलीच्या झग्यावर थुंकताय तुम्ही?"

वहिनी दचकली. बाही मागे सरकलेली, कोपरापर्यंतचे लाल चट्टे उघडे.

"अगं बाई! आणि हातांना हे काय झालंय? असल्या हातांनी तुम्ही..."

मालक काउंटरमागून धावत आले. "माफ करा मॅडम, मी यांना मागेच बसवलं होतं, मला कल्पना होती..."

"कसली कल्पना?" हे वहिनीनं विचारलं. आवाज इतका बारीक, की मी इस्त्री टेकवून ऐकायला लागले.

मालकांनी आधी मॅडमकडे बघितलं. मग म्हणाले, "आता तुम्हीच विचारताय म्हणून सांगतो. तुमच्या यजमानांनीच मला सांगितलं. मीटर बघायला आले होते, चहा घेतला आम्ही. म्हणाले, हिच्या अंगावर काहीतरी उठलंय, जरा जपून असा, घरी आम्ही टॉवेलसुद्धा वेगळा ठेवलाय. आता नवराच जर जपून राहतोय, तर मी दुकानदार माणूस, मी काय करायचं?"

माझा भाऊ! माझ्या सख्ख्या भावानं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकून घेतल्यानंतर, माझ्या मालकाचा चहा पिता पिता स्वतःच्या बायकोची खुर्ची घालवली! मी तोंड उघडलं. शपथ गेली खड्ड्यात. पण वहिनीनं माझ्याकडे न बघताच हात वर केला, थांबा म्हणून. माझ्या इस्त्रीखाली कुणाची तरी पॅंट भाजायला लागली होती, तीही मी तशीच सोडली.

वहिनीच्या मानेवर लाली चढली. नेहमीसारखीच चढली, पण या वेळी ती उतरली नाही.

"मालक," ती म्हणाली, "माझी पाळी गेली."

दुकानात एक गृहस्थ कोट घ्यायला उभे होते. ते एकदम वळले आणि भिंतीवरचा दरांचा फलक वाचायला लागले.

"पाळी," वहिनी म्हणाली, आणि आता आवाज बारीक नव्हता. "मासिक पाळी. ती गेली आणि जाताना अंगातला ओलावा घेऊन गेली, म्हणून हे हात असे झालेत. रोग नाही. डॉक्टरांनी बघितलंय. कुणाला लागत नाही. लागत असतं तर आधी माझ्या नवऱ्याला लागलं असतं, आणि फार बरं झालं असतं! एक दिवस खाजवत बसला असता तर कळलं असतं. मी खाजवत खाजवत तुमचे कोट शिवले, तुमच्या शाली शिवल्या, आणि तुम्ही मला विचारलंत का, बाई, काय होतंय? नाही. उचलून त्या औषधांच्या कोठीत टाकलंत. हे रक्त तिथे बसून आलंय. आणि हो, थुंकले मी. माझं रक्त होतं, ते काढायला थुंकले. बघा."

तिनं झगा खिडकीत उजेडाला धरला. डाग नव्हता.

नवरीच्या आईनं जवळ येऊन बघितलं, नाक अगदी कापडाला लावून. मग वहिनीच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. मला वाटलं आता ही विरघळेल, गळ्यात पडेल. तसलं काही झालं नाही. ती म्हणाली, "रोग नाही ते समजलं. पण थुंकी ती थुंकीच. नीट धुऊन द्या." वहिनी म्हणाली, "देते." मग ती बाई मालकांकडे वळली, "आणि यांना काय अंधारात बसवलंय तुम्ही? माझं काम आहे ते, उजेडात बसवा."

मालकांचा कणा गिऱ्हाईक वळवेल तिकडे वळतो, हे सांगितलंच मी. ते "हो हो, अर्थातच" म्हणेपर्यंत वहिनी मागे जाऊन खुर्ची ओढत आणत होती. पायांचा करकर आवाज होत होता. मी दुसऱ्या बाजूनं धरली. खिडकीशी खुर्ची ठेवून ती बसली, बाह्या वर सारल्या आणि सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला गेला नाही. हात थरथरत होते तिचे, आणि ती कशानं थरथरतेय ते मला चांगलं ओळखू येत होतं, कारण मी जन्मभर तशीच थरथरत आलेय. पॅंट भाजली म्हणून मालक माझ्यावर ओरडले. ओरडू देत.

संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा मी बरोबर गेले. माझं घर वाटेत आधी लागतं, मी तिकडे वळलेच नाही. अशा दिवशी कोण वळेल? रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठीच गोष्ट.

दादा नुकताच आला होता. बेसिनशी उभा राहून साबणानं तोंड धूत होता, डोळे घट्ट मिटून, फुर्र फुर्र करत. वहिनी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याचं झाल्यावर तिनं नळ आपल्याकडे घेतला, तोंडावर पाणी मारलं, हात कोपरापर्यंत भिजवले. आणि दांडीवरचा दादाचा निळा टॉवेल ओढला. तोंड पुसलं. मान पुसली. मग हात, एकेक बोट करत, चिरांसकट, चट्ट्यांसकट. घाई नाही, काही नाही.

"अगं, तो माझा..." दादा म्हणाला.

"माहीत आहे."

"काय झालं काय?"

"मालकांना सांगण्याआधी मला सांगायचं होतं," वहिनी म्हणाली. "मी याच घरात होते."

दादाचा चेहरा पडला. त्याला लगेच कळलं कशाबद्दल ते. "मी आपलं काळजीपोटी..."

"कुणाच्या?" मी विचारलं. "बायकोच्या की टॉवेलच्या?"

"तू मधे पडू नकोस."

"मीच पडणार मधे! मला उद्या त्याच दुकानात..."

"वन्सं," वहिनी म्हणाली, आणि मी गप्प बसले. तिनं टॉवेल नीट झटकला, दोन्ही टोकं जुळवून पुन्हा दांडीवर टाकला, दादाच्या अगदी हाताशी येईल असा. दादानं टॉवेलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी हाताची घडी घालून दारात उभी होते. त्याचे केस, भुवया, मिशा, सगळं टपटपत होतं.

"पुसा," वहिनी म्हणाली. "नाहीतर दारामागे खिळा आहेच. तुम्हीच ठोकलाय."

दादाच्या हनुवटीवरून पाणी शर्टावर गळत राहिलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो.